डायाटमांच्या वंशेतिहासातील ‘हिरवा पूर्वज’ : एका उपपत्तीची चिकित्सा

१

वनस्पतीच्या कोशिकेतील लवक हे मुळात स्वतंत्रपणे जगणाऱ्या नील-हरित शैवलाचे अवशिष्ट रूप होय, ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये मांडली. मेरेश्कोव्स्की हे स्वतः डायाटमांचे अभ्यासक होते आणि त्या जीवांच्या कोशिकांतील रंगीत पिंडांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले होते. त्यांची कल्पना पुढे अर्धशतकाहून अधिक काळ उपेक्षित राहिली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविलेली लवकाची अंतर्रचना आणि लवकात स्वतंत्र डीएनए असल्याचा शोध यांमुळे १९६० नंतर तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली, आणि आज तिच्याविषयी मूलभूत मतभेद उरलेला नाही. तथापि ज्या जीवांच्या अभ्यासात मेरेश्कोव्स्की यांची दृष्टी घडली, त्यांच्याच लवकाचा इतिहास सर्वांत वादग्रस्त ठरावा, हा एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

डायाटम, अथवा मराठीत ज्यांना करंडक वनस्पती म्हणतात ते जीव, एककोशिक असून त्यांचे सिलिकामय कवच डबा आणि झाकण यांप्रमाणे एकमेकांत बसणाऱ्या दोन शकलांचे असते. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे पंचमांश त्यांच्याकडून होते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांचे वर्गीकरण दीर्घकाळ कवचावरील रेषा, छिद्रे व खाचा यांच्या आधारेच होत आले. पश्चिम भारतात १९५० ते १९६० च्या दशकांत एच. पी. गांधी यांनी कोल्हापूर व त्याच्या परिसरातील गोड्या पाण्यातील डायाटमांची जी वर्णने प्रसिद्ध केली, ती याच परंपरेतील होत. जाती ओळखण्यास कवच उत्तम साधन आहे. परंतु कोशिकेतील लवक कोठून आले, या प्रश्नावर ते काहीच सांगू शकत नाही. त्यासाठी जनुकसंचाकडेच वळावे लागते.

जनुकसंचाच्या साक्षीवरून २००९ मध्ये एक धाडसी उपपत्ती पुढे आली. डायाटमांचे आजचे लवक तांबड्या शैवलापासून आलेले असले, तरी त्यांच्या पूर्वजाने त्याआधी एक हिरवे शैवलही पोटात बाळगले होते, असे तिचे सार आहे. या उपपत्तीचा पुरावा कितपत बळकट आहे, आणि लवकाचा स्वतःचा जनुकसंच या प्रश्नावर कोणता प्रकाश टाकतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम निर्विवाद असा भाग पाहू. डायाटमाच्या लवकाभोवती चार पटले असतात. हिरव्या वनस्पतींत व तांबड्या शैवलांत ती दोनच असतात. या अधिक पटलांचा अर्थ असा की, डायाटमांच्या पूर्वजाने नील-हरित शैवल नव्हे, तर आधीच लवक धारण केलेले एक संपूर्ण शैवल गिळले. सारा गिब्ज यांनी १९७८ मध्ये युग्लीनाच्या लवकाविषयी हाच विचार मांडला होता, आणि यालाच पुढे द्वितीयक अंतःसहजीवन हे नाव रूढ झाले. गिळल्या गेलेल्या शैवलाचे केंद्रक कालांतराने नाहीसे झाले; त्याची उपयुक्त जनुके आश्रयदात्याच्या केंद्रकात गेली, आणि तेथे तयार होणारी प्रथिने चार पटले ओलांडून लवकात परत पाठविण्याची यंत्रणा निर्माण झाली.

हे गिळलेले शैवल कोणत्या वंशाचे होते? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर लवकातील डीएनए देतो. ओडोंटेला सायनेन्सिस या डायाटमाच्या लवकाचा संपूर्ण जनुकसंच १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची लांबी १,१९,७०४ क्षारकजोड्या आहे. त्यानंतर २००७ मध्ये फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्न्यूटम (१,१७,३६९) आणि थॅलॅसिओसिरा स्यूडोनाना (१,२८,८१४) यांचे लवकसंच उपलब्ध झाले. तिन्हींत प्रथिनांची १२७ ते १३० जनुके आहेत. हिरव्या वनस्पतींच्या लवकांत अशी जनुके सामान्यतः ८० च्या आसपास असतात, तर पॉर्फिरा पर्प्युरिया या तांबड्या शैवलाच्या लवकात ती २०० हून अधिक आहेत.

केवळ संख्येवरून नाते ठरत नाही, हे खरे. परंतु कोणती जनुके उरली आहेत हे पाहिले असता संशयाला जागा राहत नाही. कर्बग्रहण करणाऱ्या रुबिस्को या प्रथिनाच्या लहान घटकाचे जनुक हिरव्या वंशात केंद्रकात गेलेले आहे. डायाटमांत व तांबड्या शैवलांत ते मोठ्या घटकाच्या जनुकाला लागून लवकातच आहे. शिवाय हे रुबिस्को ज्या प्रकारचे आहे, तो प्रकार हिरव्या वंशात आढळतच नाही. पहिल्या प्रकाशप्रणालीच्या काही घटकांची आणि प्रथिनवहनाच्या यंत्रणेतील काही भागांची जनुकेही हिरव्या वंशाने लवकाबाहेर घालविली आहेत. डायाटमांच्या लवकात ती अद्याप आहेत. जनुकांचा क्रम सर्वत्र जसाच्या तसा टिकला नसला, तरी कित्येक जनुकसमूह तांबड्या शैवलांतील मांडणीचे अवशेष दाखवितात. केंद्रकात गेलेले जनुक लवकात परत येऊन पूर्वीच्या शेजाऱ्यापाशी बसते, असे मानण्यास कोणताही आधार नाही. यास्तव आजचे लवक तांबड्या वंशाचे होय, हा निष्कर्ष पक्का समजला पाहिजे.

लवकाचा जनुकसंच म्हणजे कायमचा शिलालेख मात्र नव्हे. २००७ च्या अभ्यासातच तीन जनुके लवकातून केंद्रकाकडे जाण्याच्या वाटेवर असल्याचे दिसून आले. लोहाची टंचाई असलेल्या खुल्या समुद्रात राहणाऱ्या थॅलॅसिओसिरा ओशियानिका या जातीत फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाचे जनुक लवक सोडून केंद्रकात गेल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सेमिनाव्हिस रोबस्टा या जातीचा लवकसंच सुमारे दीड लक्ष क्षारकजोड्यांचा आहे; त्यात इंट्रॉन आणि प्लाझ्मिडांतून आलेले परकीय तुकडे आढळतात. उलट प्रकाशसंश्लेषण सोडून दिलेल्या एका निट्झियामध्ये तो सुमारे ६८ हजारांपर्यंत आक्रसला आहे. सारांश, लवकाचा डीएनएही गमावतो, मिळवितो व बदलतो. परंतु हे बदल जवळच्या जातींशी तुलना करून एकेक करून ओळखता येतात, आणि त्यांखालचा मूळ तांबडा साचा त्यांमुळे पुसला जात नाही.

३

आता २००९ च्या उपपत्तीकडे वळू. थॅलॅसिओसिरा स्यूडोनानाचा केंद्रकीय जनुकसंच २००४ मध्ये आणि फिओडॅक्टिलमचा २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्यामुळे, डायाटमांच्या सर्व जनुकांचे वंशवृक्ष यंत्राच्या साहाय्याने काढून पाहणे शक्य झाले होते. अहमद मुस्तफा, देबाशिष भट्टाचार्य व त्यांचे सहकारी यांनी ते काम केले. त्यांना १,७०० हून अधिक जनुके हिरव्या वंशाशी नाते सांगताना आढळली. डायाटमांच्या केंद्रकीय जनुकसंपत्तीचा हा १६ टक्के भाग होय. तांबड्या शैवलांशी नाते सांगणारी जनुके त्यामानाने कितीतरी कमी निघाली. हिरव्या जनुकांचा संबंध मुख्यतः प्रॅसिनोफाइट या सूक्ष्म सागरी शैवलगटाशी दिसत होता. त्यावरून, तांबड्या शैवलाच्या आधी प्रॅसिनोफाइटसदृश एक हिरवे शैवल डायाटमांच्या पूर्वजात सहजीवी म्हणून राहून गेले असावे, असे अनुमान त्यांनी काढले.

या उपपत्तीला तीन गोष्टींनी बळ दिले, हे मान्य केले पाहिजे. एक तर अशा जनुकांची सुटी उदाहरणे आधीपासून ज्ञात होती. तांबड्या लवकाच्या अनेक शैवलांत फॉस्फोरिब्युलोकायनेज हे प्रकाशसंश्लेषणातील प्रथिन हिरव्या घडणीचे असल्याचे २००६ मध्ये दाखविण्यात आले होते. दुसरे असे की, लवकाची अदलाबदल निसर्गात खरोखरच घडते. लेपिडोडिनियम या द्विकशाभिक शैवलाने आपल्या गटाचे नेहमीचे लवक टाकून हिरव्या शैवलाचे लवक स्वीकारले आहे. म्हणून आजच्या लवकसंचात हिरवा अंश नाही एवढ्यावरून पूर्वी हिरवे लवक नव्हते असे सिद्ध होत नाही. काढून टाकलेले लवक आपला डीएनए मागे ठेवून जात नाही. तिसरे, आणि कदाचित सर्वांत प्रभावी कारण म्हणजे, सागरात डायाटमांना लाभलेल्या यशाचे स्पष्टीकरण त्यांच्या दुहेरी वारशात सापडते, ही कल्पना आकर्षक होती. परंतु स्पष्टीकरणाचे आकर्षण हा काही पुराव्याचा गुण नव्हे.

४

उपपत्तीचा सारा भार वंशवृक्षांच्या गणतीवर आहे. म्हणून पहिला प्रश्न असा की, एखादे जनुक ‘हिरवे’ ठरते म्हणजे नेमके काय होते? यंत्र डायाटमाचे जनुक घेते, उपलब्ध संग्रहातील सजातीय जनुकांशी त्याची तुलना करते, आणि वृक्षावर त्याचा निकटचा शेजारी कोण हे पाहते. शेजारी हिरवा असला की जनुक हिरवे. परंतु शेजारी होण्यासाठी मुळात त्याने त्या संग्रहात उपस्थित असावे लागते.

२००९ मध्ये या संग्रहाची स्थिती काय होती? हिरव्या बाजूस अराबिडॉप्सिस व भात या भूवनस्पती, २००७ मध्ये आलेला क्लॅमिडोमोनास, ऑस्ट्रिओकॉकसच्या दोन जाती आणि नुकताच उपलब्ध झालेला मायक्रोमोनास असे संपूर्ण जनुकसंच होते. यांपैकी शेवटचे दोन्ही प्रॅसिनोफाइट होत. तांबड्या बाजूस पूर्ण केलेला केंद्रकीय जनुकसंच एकच होता, तो सायनिडिओशायझॉन मेरोली याचा. हे शैवल उष्ण व आम्लधर्मी झऱ्यांत राहते. त्याचा जनुकसंच अवघा १.६५ कोटी क्षारकजोड्यांचा असून त्यात सुमारे ५,००० जनुके आहेत. एका अतिविशेषित आणि आखूड झालेल्या जीवाला संपूर्ण तांबड्या वंशाचा प्रतिनिधी मानण्यासारखेच हे होते. ज्या तांबड्या जनुकांचे वंशज डायाटमांत टिकले, पण सायनिडिओशायझॉनमध्ये नष्ट झाले, त्यांचा निकटचा उपलब्ध शेजारी साहजिकच हिरवा ठरणार. आणि हिरव्या शैवलांपैकी ज्यांचे जनुकसंच हाताशी होते त्यांत प्रॅसिनोफाइटांचा भरणा असल्यामुळे दात्याचा मानही बव्हंशी त्यांच्याकडे जाणार.

हा आक्षेप केवळ तार्किक नाही. तो तपासला गेला आहे. देशाँ व मोरेइरा यांनी २०१२ मध्ये डायाटमांच्या या हिरव्या जनुकांचे पुनर्विश्लेषण केले. अधिक जातींचा समावेश करून वृक्ष पुन्हा काढले असता हिरव्या नात्याचा संकेत लक्षणीयरीत्या क्षीण झाला. कित्येक वृक्ष इतके अस्थिर निघाले की त्यांवरून कोणताच निर्णय देता येऊ नये. त्याच वर्षी बुर्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तांबड्या लवकाच्या इतर शैवलांविषयीही तांबड्या आणि हिरव्या संकेतांचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या जातींवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्याचे दाखविले. पुढे २०१३ मध्ये पॉर्फिरिडियम पर्प्युरियम व काँड्रस क्रिस्पस यांचे जनुकसंच आले आणि तांबडी बाजू प्रथमच काहीशी भरली.

येथे एक अधिक सूक्ष्म अडचण लक्षात घेतली पाहिजे, आणि ती संग्रह कितीही वाढला तरी पूर्णपणे दूर होणारी नाही. तांबड्या शैवलांच्या समान पूर्वजातच जनुकसंचाचा मोठा संकोच होऊन गेला असावा, असे २०१५ च्या सुमारास दिसून आले. काँड्रसचा जनुकसंच १०.५ कोटी क्षारकजोड्यांचा असूनही त्यात जेमतेम ९,६०० जनुके आहेत. डायाटमांना लवक देणारे शैवल आजच्या तांबड्या जातींहून जुन्या शाखेचे असेल, तर त्याच्याजवळची काही जनुके आज हयात असलेल्या कोणत्याच तांबड्या शैवलात सापडणार नाहीत. ती तांबड्याकडूनच आलेली असूनही वृक्षावर हिरव्याच्या शेजारी बसतील. हिरवी आणि तांबडी शैवले ही एकाच प्राचीन वंशाची भावंडे आहेत; एका भावंडाचा माग पुसला गेला की दुसरे भावंड जनक भासते.

दुसरा आक्षेप पद्धतीविषयी आहे. एखाद्या मापनयंत्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी, मोजण्याजोगे काही नाही अशा ठिकाणी ते काय दाखविते, हे पाहावे लागते. डायाटमांचे दूरचे आप्त असलेल्या, परंतु लवकरहित अशा फायटोफ्थोरा या वनस्पतिरोगकारक प्रजातीत तांबड्या अथवा नील-हरित उगमाची ८५५ जनुके असल्याचे २००६ मध्ये सांगितले गेले, आणि त्यावरून तिच्या पूर्वजाला लवक होते असा निष्कर्ष निघाला. स्टिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये, लवकाचा कधीच संबंध न आलेल्या जीवांशी तुलना करून हे प्रमाण तपासले. पार्श्वभूमीवर सहजच दिसणाऱ्या संकेताहून फायटोफ्थोरातील संकेत ठळकपणे अधिक असल्याचे त्यांना आढळले नाही. १,७०० या संख्येचा अर्थ लावण्यापूर्वी अशा तुलनेने किती जनुके वजा करावी लागतील, हे ठरणे आवश्यक होते. ते न ठरविता संख्येलाच साक्ष मानले गेले.

५

असे असले तरी हिरवा संकेत सर्वस्वी आभास होता, असे म्हणून वाद मिटविणे हाही अन्यायच होईल. डोरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अधिक काटेकोर वाट धरली. त्यांनी सर्व जनुकांऐवजी, डायाटम व त्यांचे तपकिरी आप्त मिळून होणाऱ्या ऑक्रोफाइट गटात जी समान आहेत, अशी लवकात जाणारी ७७० प्रथिने निवडली. त्यांपैकी ज्यांचा उगम ठरविता आला, त्यांत सुमारे २५ टक्के प्रथिने हिरव्या वंशाची निघाली. या वेळी तांबड्या बाजूची सामग्री २००९ पेक्षा पुष्कळ समृद्ध होती. म्हणून हा शेष भाग सहज झटकून टाकता येत नाही.

परंतु येथेच तीन निरनिराळी विधाने एकमेकांत मिसळली जाण्याचा धोका संभवतो. पहिले विधान असे की, डायाटमांची काही जनुके हिरव्या शैवलांकडून आली. दुसरे असे की, ती सर्व एकाच दात्याकडून, एकाच कालखंडात आली. तिसरे असे की, तो दाता पूर्वजाच्या कोशिकेत लवकधारी सहजीवी म्हणून नांदत होता. पहिल्या विधानास आज बऱ्यापैकी आधार आहे. दुसऱ्यासाठी अनेक जनुकांचे वृक्ष हिरव्या वंशातील एकाच फांदीकडे निर्देश करतात, असे दाखवावे लागेल. आणि प्रॅसिनोफाइट हा काही एकसंध वंश नव्हे, तर हिरव्या वंशवृक्षाच्या बुडाशी फुटलेल्या अनेक शाखांना मिळून दिलेले ते नाव आहे. तिसऱ्या विधानासाठी तर अवशिष्ट केंद्रक, जुने पटल किंवा लवकाचे उरलेले तुकडे असा काही रचनात्मक पुरावा हवा. तो डायाटमांत सापडलेला नाही. दीर्घकाळ हिरव्या शैवलांचे भक्षण करणाऱ्या पूर्वजाच्या केंद्रकात एकेक जनुक जमा होत गेले असणेही तितकेच शक्य आहे. डायाटमांच्या केंद्रकात जीवाणूंची जनुकेही आढळतात, आणि प्रत्येक जीवाणूजन्य जनुकामागे एक सहजीवी जीवाणू कोणी उभा करीत नाही.

६

या वादातून अधिक व्यापक असा एक भेद स्पष्ट होतो. लवकाची वंशावळ आणि कोशिकेची वंशावळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचे सर्वांत बोलके उदाहरण डायाटमांशीच निगडित आहे. ड्युरिन्स्किया व क्रिप्टोपेरिडिनियम या द्विकशाभिक शैवलांच्या कोशिकेत आज एक संपूर्ण डायाटम सहजीवी म्हणून राहतो. त्यांच्या लवकसंचाचा वृक्ष काढला तर तो डायाटमांतच जाऊन बसतो. तो वृक्ष अचूक असतो, परंतु त्यावरून यजमानाचा वंश ठरविणारा अभ्यासक पूर्णपणे चुकेल.

हाच भेद न पाळल्यामुळे टॉम कॅव्हॅलिअर-स्मिथ यांची १९९९ मधील उपपत्तीही अडचणीत आली. डायाटम, हॅप्टोफाइट, क्रिप्टोफाइट आणि द्विकशाभिक शैवले यांच्या समान पूर्वजाने तांबडे शैवल एकदाच गिळले, असे ती मानत होती. सहजीवनासारखी दुर्घट घटना पुनःपुन्हा घडली असे न मानण्याचा तिचा काटकसरीपणा स्पृहणीय होता. तथापि २०१० मध्ये बोरें व सहकाऱ्यांनी लवक, केंद्रक आणि सूत्रकणिका यांच्या जनुकांची स्वतंत्रपणे तुलना केली, तेव्हा एकाच प्राचीन घटनेपासून अपेक्षित असलेला मेळ त्यांत आढळला नाही. त्यानंतर स्टिलर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये, तांबडे लवक प्रथम क्रिप्टोफाइटांत आले, त्यांच्याकडून ऑक्रोफाइटांत आणि पुढे हॅप्टोफाइटांत गेले, अशी साखळी सुचविली. या साखळीचे सर्व दुवे सिद्ध झालेले नाहीत. परंतु लवकसंचांतील साम्य आणि यजमानांतील भिन्नता या दोहोंचा तीत एकत्र मेळ बसतो.

अशी साखळी खरी असेल, तर हिरव्या जनुकांच्या प्रश्नाचे स्वरूपही बदलते. ज्या कोशिकेकडून डायाटमांच्या पूर्वजाला लवक मिळाले, ती स्वतःच एक संमिश्र जनुकसंच बाळगून असेल, आणि हिरव्या जनुकांतील काही तिच्यामार्फत आलेली असतील. मग डायाटमांच्या पूर्वजात हिरवे शैवल शोधण्यापेक्षा, मधल्या दात्याने काय आणले हे शोधणे अधिक फलदायी ठरेल.

२००९ च्या उपपत्तीचे ऐतिहासिक महत्त्व यामुळे कमी होत नाही. तिने संपूर्ण जनुकसंचाला प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखविले, आणि तिच्यावरील आक्षेपांतूनच तुलनासामग्री, संकोच आणि पार्श्वसंकेत यांचा काटेकोर विचार रूढ झाला. परंतु तिचा मुख्य निष्कर्ष, म्हणजे एका हिरव्या सहजीवी पूर्वजाचे अस्तित्व, तिच्या पुराव्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेला होता. डायाटमांचे लवक तांबड्या वंशाचे आहे, हे लवकाचा जनुकसंच निःसंदिग्धपणे सांगतो. त्यांच्या केंद्रकात हिरव्या वंशाची काही जनुके आहेत, हे आज बहुतांशी मान्य करावे लागते. ती कोणत्या मार्गाने आली, हा प्रश्न अद्याप खुला आहे. त्याचा निर्णय हिरव्या व तांबड्या जनुकांची नुसती बेरीज करून लागणार नाही. तांबड्या शैवलांच्या प्राचीन शाखांतील, क्रिप्टोफाइटांतील आणि डायाटमांच्या लवकरहित आप्तांतील अधिकाधिक जातींचे जनुकसंच हाती घेऊन, प्रत्येक जनुकाचा वृक्ष स्वतंत्रपणे पारखण्याचे कष्टाचे काम त्यासाठी करावे लागेल.